‘नाथ हा माझा’ गायलं तर ते कव्हर होतं का?

पत्र : ताई, मी चोवीस वर्षांची आहे, कोथरूडला राहते. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकतेय. आमचा चौघांचा ग्रुप आहे. मी गाते, एक मित्र कीबोर्ड वाजवतो, दुसरा गिटार वाजवतो आणि गातोही, आणि मैत्रीण तबल्यावर. नुकताच आम्ही एका छोट्या सभागृहात कार्यक्रम केला. त्यात इतर गाण्यांबरोबर ‘नाथ हा माझा’, ‘शुक्रतारा’, ‘मोगरा फुलला’ आणि इंग्रजी ‘ऑटम लीव्ह्ज’ घेतलं होतं. संपल्यावर नात्यातले एक काका म्हणाले, “छान झालं, पण शेवटी कव्हरच ना? स्वतःचं काहीतरी करा.” कीबोर्डवाला मित्र जॅझ शिकलाय. तो म्हणतो, ही कव्हर नाहीत, स्टँडर्ड आहेत, म्हणून आपण कॉर्ड (चालीखाली एकत्र वाजणारे स्वर), लय, सगळं बदलू शकतो. माझ्या गुरू म्हणतात, रागातली चीज, म्हणजे बंदिश, गाताना कुणी विचारतं का, मूळ कुणाची म्हणून? मला तिघांचंही पटतं आणि तिघांचंही थोडं खटकतं. पुढच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर काय लिहायचं यावरून आमचं भांडण झालंय. शिवाय ही गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायची आहेत. काय करावं?
— एक गायिका, कोथरूड

उत्तर : अगं, तुम्ही चौघं चार गाण्यांसाठी मिळून एकच नाव शोधताय, म्हणून भांडण मिटत नाहीये. ती चारही गाणी वेगवेगळ्या जातींची आहेत.

माझं म्हणणं आधी सांगते, कारणं मग. गाण्याची आठवण लोकांनी कुठे जपली आहे ते बघायचं. ऐकणाऱ्याच्या कानात एकच रेकॉर्डिंग पक्कं बसलेलं असेल, त्याच आवाजासकट, मधल्या म्युझिक पीससकट, तर तू ते गायलीस की कव्हर होतं. तुझा प्रत्येक सूर त्या रेकॉर्डिंगशी ताडून बघितला जाणार. पण गाणं अनेक गळ्यांतून गेलेलं असेल, त्याची चाल आणि बांधणी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना तोंडपाठ असेल आणि ‘खरं ते अमक्याचंच’ असं एका रेकॉर्डकडे बोट दाखवता येत नसेल, तर ते स्टँडर्ड. गाणं किती जुनं आहे यावर हे ठरत नाही. किती कठीण आहे यावर तर नाहीच.

तुझ्या मित्राच्या जॅझपासून सुरुवात करू, कारण स्टँडर्ड हा शब्द त्याने तिथूनच आणलाय. जॅझची बरीचशी स्टँडर्ड म्हणजे 1920 ते 1950च्या दशकांतली अमेरिकन नाटकांतली आणि चित्रपटांतली गाणी. तेव्हा गाणं छापील नोटेशनच्या रूपात विकलं जाई आणि एकाच सुमारास पाच-सहा गायक ते गात असत. ‘बॉडी अँड सोल’ हे 1930 सालचं गाणं. 1939 साली सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने ते रेकॉर्ड केलं तेव्हा सुरुवातीचे काही बार (तालाची छोटी आवर्तनं) सोडले तर मूळ चाल जवळजवळ वाजवलीच नाही. कॉर्डचा सांगाडा तेवढा ठेवला आणि त्यावर स्वतःचं बोलत गेला. तरी लोकांनी ती तबकडी डोक्यावर घेतली, कारण चाल त्यांच्या कानात आधीपासून होती. एकमेकांना कधी न भेटलेले चार वादक गाण्याचं नाव आणि पट्टी सांगून थेट वाजवायला लागतात ते याच भरवशावर. पुढे 1970च्या दशकात बोस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी अशा गाण्यांच्या चाली आणि कॉर्ड हाताने लिहून एक जाडजूड वही केली. ‘द रिअल बुक’ नावाने ती परवानगीशिवायच जगभर फिरली. तिची अधिकृत आवृत्ती निघाली 2004 साली.

नाटकातून निघालेली आणि नाटकापेक्षा जास्त जगलेली गाणी! पुण्यात राहणाऱ्या मुलीला हे परकं वाटायला नको. 31 ऑक्टोबर 1880 या दिवशी अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यातच रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाची परंपरा भरात आली. 1916च्या ‘स्वयंवर’चं बघ. पदं खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणी बालगंधर्वांची. चाली बांधताना बुवांच्या मनात राग आणि बंदिशी होत्या, म्हणून त्या पदांत विस्ताराला जागा राहिली. जयमालाबाई आणि कीर्ती शिलेदारांनी तीच पदं पुढच्या प्रेक्षकांपर्यंत नेली. आज ‘स्वयंवर’ नाटक म्हणून पाहिलेली तुझ्या वयाची मुलं फारशी सापडणार नाहीत, पण ‘नाथ हा माझा’ ऐकलेली पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाने ते वेगळ्या गळ्यातून ऐकलंय. मैफलीत नाट्यपदाची फर्माईश येते तेव्हा श्रोत्याला तुझ्याकडून बालगंधर्वांची तबकडी ऐकायची नसते. या पदाचा राग यमन आज तू कसा उलगडतेस, समेवर कशी येतेस, हे त्याला ऐकायचं असतं. तेव्हा या पदापुरता तुझा मित्र बरोबर आहे. मराठीत स्टँडर्ड म्हणून कशाकडे बोट दाखवायचं झालं तर मी आधी नाट्यपदांकडे दाखवेन.

तुझ्या गुरूंचं म्हणणंही खरं आहे, पण ते तुझ्या सगळ्या गाण्यांना लागू पडत नाही. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत घराण्याघराण्यांतल्या बंदिशी स्वरलिपीत आणल्या. ‘एरी आली पिया बिन’ ही यमनची चीज आज कुठल्याही गावातल्या गाण्याच्या क्लासात मिळते आणि ती कुणाची नक्कल आहे असं कुणी म्हणत नाही. पण तिथे चीज हे रागात शिरायचं दार असतं. गायक तिचा मुखडा धरतो आणि पुढचा अर्धा तास स्वतःच्या उपजेने भरतो. भावगीतात असा मोकळा अर्धा तास नसतो. तिथे शब्द, चाल, दोन कडव्यांमधली बासरी, सगळं आधीच ठरलेलं असतं आणि ते तसं ठरलेलं असणं हेच त्याचं सौंदर्य असतं. तीन मिनिटांच्या तबकडीत मावायचं म्हणून संगीतकारांनी एकेक क्षण मोजून बांधलेला होता.

म्हणून ‘शुक्रतारा’ तू गायलीस ते कव्हरच, आणि हा शब्द ऐकून वाईट वाटून घेऊ नकोस. मंगेश पाडगांवकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचा आवाज. आपण सगळे हे गाणं ज्या रूपात गुणगुणतो ते त्या रेकॉर्डिंगचं रूप आहे. खुद्द अरुण दाते कार्यक्रमांतून अनेक गायिकांबरोबर ते गायले, तरी श्रोता मनात मूळ आवाजच ऐकत राहिला.

कव्हरला कमी लेखण्याची सवय कुठून आली याचाही थोडा इतिहास आहे. 1950च्या दशकात अमेरिकेत एका कंपनीचं गाणं चाललं की दुसरी कंपनी तेच गाणं घाईघाईने आपल्या गायकाकडून गाऊन घेई आणि बाजार पकडे. लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचं ‘टूटी फ्रूटी’ 1955 साली आलं. काही महिन्यांत पॅट बून या गोऱ्या गायकाने ते मवाळ करून गायलं आणि पॉप गाण्यांच्या यादीत मूळ गाण्याच्या वर गेला. अन्याय होता तो, आणि त्या आवृत्तीत सांगण्यासारखं नवं काही नव्हतं. पण 1967 साली अरेथा फ्रँकलिनने ओटिस रेडिंगचं ‘रिस्पेक्ट’ गायलं तेव्हा काय झालं? दोन वर्षांपूर्वी एका पुरुषाने घरच्या बाईकडे मागितलेला मान आता एक बाई स्वतःसाठी मागत होती. ऐकणाऱ्याला मूळ गाणं ठाऊक असलं की अरेथाचं म्हणणं दुप्पट जोरात पोचतं. कव्हरची ताकद इथे आहे. श्रोत्याच्या कानातल्या जुन्या रेकॉर्डशी ते बोलतं. त्यामुळे ‘शुक्रतारा’ गाताना स्वतःला एवढंच विचार, मूळ गाणं ज्याला पाठ आहे त्याला मी काय नवं ऐकवतेय? तुमच्या गिटारवाल्या मित्राचा आवाज दात्यांसारखा मखमली नसेल तर तो तसा करायला लावू नका. त्याच्या साध्या, बोलल्यासारख्या आवाजात पाडगांवकरांचे शब्द कदाचित अधिक जवळचे वाटतील. मात्र आधी मूळ गाणं शेवटच्या हरकतीपर्यंत बसवा, सगळ्या जागा हुबेहूब येईपर्यंत. मग काही दिवस ते ऐकणं बंद करा आणि आपलं गा. जे सोडायचं ते माहीत असून सोडलेलं असलं पाहिजे. माहीत नसल्यामुळे सुटलेली जागा पुण्यातल्या श्रोत्याला पहिल्या ओळीत कळते.

गाणी एका खणातून दुसऱ्यात जातातही. लेनर्ड कोहेनचं ‘हालेलुया’ 1984 साली आलं तेव्हा फारसं कुणी वळून बघितलं नाही. 1991 साली जॉन केलने वेगळी कडवी निवडून ते पियानोवर गायलं, ते ऐकून 1994 साली जेफ बकलीने गिटारवर गायलं, आणि नंतर ते इतक्या जणांनी गायलं की नव्या श्रोत्याला मूळ कुणाचं हे सांगावं लागतं. कव्हरचं कव्हर होत होत ते जवळपास स्टँडर्ड झालं.

आपल्याकडे ‘गीतरामायणा’ची वाट याहून वेगळी, आणि ती मला फार विचार करायला लावते. 1 एप्रिल 1955, रामनवमी, पुणे आकाशवाणी. पुढे वर्षभर गदिमा आणि सुधीर फडक्यांनी, म्हणजे बाबूजींनी, छप्पन्न गाणी दिली. रेडिओवर ती एकट्या बाबूजींनी गायली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक असे किती तरी आवाज त्यात होते. नंतर बाबूजींच्या मंचावरच्या गायनाने आणि रेकॉर्डनी ती सगळी गाणी एका आवाजाची झाली. आणि आता? रामनवमीला पुण्यातल्या सोसायट्यांतून, शाळांतून, भजनी मंडळांतून ती गायली जातात. इतर भाषांत भाषांतरं झाली तीही बाबूजींच्याच चालींवर. म्हणजे सगळे गातात, आणि चालीला कुणी हात लावत नाही. जॅझवाल्यांच्या स्टँडर्डमध्ये बदलण्याची मुभा गृहीत असते. आपल्याकडे सर्वांचं झालेलं गाणंही जसंच्या तसं जपायची रीत असू शकते. तुझ्या मित्राचं ‘स्टँडर्ड आहे म्हणून सगळं बदलू’ हे म्हणणं मला इथेच अडतं. त्याने तिकडच्या शब्दाबरोबर तिकडचे नियमही उचलून आणले.

‘नाथ हा माझा’मध्येसुद्धा मोकळीक आहे ती आलापात, लयीत, हरकतीत. कॉर्ड लावायच्या तर लावा, पण यमनाचा तीव्र मध्यम (चढा म) सांभाळून. तुझा सा म्हणजे सी धरला तर मित्राचा हात सवयीने एफ मेजरकडे जाईल, आणि त्यातला शुद्ध मध्यम कानाला टोचेल. डी मेजरमध्ये मात्र तीव्र मध्यम आपोआप येतो. सी, डी, ई मायनर, जी, ए मायनर, बी मायनर एवढ्यात त्याला भरपूर करता येईल. मी तर म्हणेन मुखड्यापर्यंत त्याने नुसता षड्ज-पंचम धरून ठेवावा आणि कॉर्ड अंतऱ्याला आणाव्यात. या पदासाठी एकच रेकॉर्डिंग ऐकून बसवू नकोस. निदान तीन-चार वेगळ्या पिढ्यांचे गळे ऐक. एकाचंच उचललंस तर स्टँडर्डचंही कव्हर होऊन जातं.

‘मोगरा फुलला’ तिसऱ्या जातीचं. शब्द ज्ञानेश्वरांचे, सातशे वर्षं सगळ्यांचे. पण तू गातेस ती चाल हृदयनाथ मंगेशकरांची आहे आणि लोकांच्या कानात आवाज लताबाईंचा. तेव्हा त्या चालीत गाणं म्हणजे कव्हर. स्वतः चाल लावलीस तर ती नवी रचना होईल, आणि संतवाणीत असं सतत होत आलंय. भीमसेनजी ‘माझे माहेर पंढरी’ गायचे ती चाल राम फाटकांची, शब्द एकनाथांचे. काकांना हे जरूर सांग. भीमसेनजींनी अभंग लिहिला नव्हता, त्याला चालही लावली नव्हती, आणि तरी ते गाणं त्यांचं ‘स्वतःचं’ नव्हतं असं कोण म्हणेल? दुसऱ्याने बांधलेलं गाणं मनापासून गाणं हे अख्ख्या आयुष्याचं काम आहे. त्यासाठी संकोचायचं कारण नाही. तुला आतून चाल सुचत असेल तर लाव, पण काकांना उत्तर म्हणून नको.

आता ‘ऑटम लीव्ह्ज’. जोसेफ कोस्मा या संगीतकाराची 1945 सालची चाल, झाक प्रेव्हेरचे फ्रेंच शब्द, मग जॉनी मर्सरचे इंग्रजी शब्द. 1958 साली कॅननबॉल अ‍ॅडर्ली आणि माइल्स डेव्हिसने ते वाजवलं, 1959 साली बिल एव्हान्सने, आणि जॅझच्या विद्यार्थ्याला आज जी गाणी अगदी सुरुवातीला शिकवतात त्यात हे असतं. बत्तीस बारचं, मेजर आणि मायनर दोन्हींकडे वळणारं, शिकायला उत्तम. हे नक्कीच स्टँडर्ड. पण कुणासाठी? तुझ्या सभागृहातल्या बहुतेकांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असेल. हॉकिन्स चाल सोडू शकला कारण ती समोरच्यांच्या कानात होती. कोथरूडच्या श्रोत्याच्या कानात ‘ऑटम लीव्ह्ज’ नाही. त्यामुळे मित्राला सांग, इथे पहिली फेरी चाल सरळ, साधी गाऊ दे. एकही स्वर फिरवू नको. दुसऱ्या फेरीत हवं ते कर. आणि ‘नाथ हा माझा’मध्ये उलट करा. तिथे चाल ओळखीची आहे, लांब आलापातून उशिरा मुखड्यावर आलात तरी लोक वाट बघतील, आणि आल्यावर दाद देतील. तुमचं मागच्या वेळी नेमकं उलट झालं असावं असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. परक्या गाण्याला सगळी कलाकुसर आणि ओळखीच्या पदाला सगळी भीड.

रेकॉर्डिंगबद्दल नीट ऐक, कारण कायद्याला कव्हर कळतं, स्टँडर्ड कळत नाही. आपल्याकडे कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. भास्करबुवा 1922 साली गेले, खाडिलकर 1948 साली. म्हणजे ‘नाथ हा माझा’ची रचना आज सर्वांसाठी मोकळी आहे. (एखाद्याचं जुनं रेकॉर्डिंग मात्र उचलून वापरायचं नाही. त्याचा हक्क वेगळा.) पाडगांवकर 2015 साली गेले, खळे 2011 साली, तेव्हा ‘शुक्रतारा’ला परवानगी लागणार. ‘मोगरा फुलला’चे शब्द मोकळे, चाल नाही. आणि जगभर सगळ्यांचं मानलं गेलेलं ‘ऑटम लीव्ह्ज’ कायद्याने अजून बांधलेलं आहे. कोस्मा 1969 साली गेले, मर्सर 1976 साली, प्रेव्हेर 1977 साली. हिशेब तूच कर.

2012 साली कॉपीराइट कायद्यात 31-सी हे कलम आलं, ते खास कव्हर आवृत्त्यांसाठी. मूळ रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेली की आगाऊ सूचना आणि रॉयल्टी देऊन कव्हर काढता येतं. पण त्यावर ते कव्हर आहे असं स्पष्ट लिहावं लागतं आणि शब्दांत किंवा चालीत मालकाच्या संमतीशिवाय बदल चालत नाही, तांत्रिकदृष्ट्या अटळ असेल तेवढाच. रॉयल्टीही वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशेबाने मोजतात, म्हणून तुमच्यासारख्या छोट्या ग्रुपला ही वाट महागडी. त्यापेक्षा ज्या कंपनीकडे हक्क आहेत तिला थेट लिहून परवानगी मागणं सोपं, आणि मित्राला लय-चाल बदलायची असेल तर तेही त्याच पत्रात मागून घ्या. प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो. तो सहसा आयोजक घेतो. तुम्हीच आयोजक असाल तर तुम्ही घ्या.

पोस्टरवर कव्हरही लिहू नका, स्टँडर्डही नको. आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी नावं सांगायची चांगली रीत आहे, ती उचला. गाण्याचं नाव, खाली कवी आणि संगीतकार, नाट्यपद असेल तर नाटक आणि साल. कोस्मा, प्रेव्हेर आणि मर्सरही त्याच अक्षरांत. जागा कमी पडली तर तुमचे फोटो लहान करा. आणि निवेदनात ‘शुक्रतारा’च्या आधी सरळ सांगा की आम्ही हे आमच्या पद्धतीने गाणार आहोत, म्हणजे श्रोता मधल्या म्युझिक पीसची वाट बघत चुकल्यासारखा बसणार नाही.

यूट्यूबवर पहिलं ‘नाथ हा माझा’ टाका, त्याला कुणाची वाट बघायची नाही. बाकी तिन्हींच्या परवानगीची पत्रं याच आठवड्यात पाठवा, कारण उत्तरं यायला वेळ लागतो. तोवर ‘शुक्रतारा’ची तालीम गिटारवाल्याच्या पट्टीत करून बघ. दोघांना एकच पट्टी जमत नसेल तर त्याची धर, तू शास्त्रीय शिकलेली आहेस, तुला जुळवून घेता येईल.